हयात मेव्हण्याच्या आत्म्यासाठी

चर्चच्या तळघरात वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी दुपारचे जेवण सुरू करायचे ठरले, त्या बैठकीत साबिनसरांनी पहिला ठराव मांडला तो असा, की या उपक्रमाला ‘धर्मादाय’ म्हणायचे नाही, ‘अन्नदान’ म्हणायचे नाही, आणि ‘पोमाना’ हा शब्द तर चर्चच्या फाटकाच्या आत कोणी उच्चारायचाच नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. उरलेले तिघे त्या वेळी बटाटे सोलत होते आणि त्यांच्यापैकी कोणीही तो ऐकला नव्हता.

साबिन द्रागोमिरेस्कू यांनी रोमानियातल्या ब्राइला गावच्या शाळेत आयुष्यभर लॅटिन शिकवले होते, आणि ज्या गावाला लॅटिन नको असते त्या गावात ते आयुष्यभर शिकवल्यावर माणसाचे जे होते, ते त्यांचे झाले होते. इतरांचा राग उकळतो. त्यांचा गोठत असे. बेकरीच्या पाटीवरची व्याकरणाची चूक, महापौरांच्या भाषणातले अनाथ क्रियापद, असल्या गोष्टींवर ते कधी ओरडले नाहीत. त्यांनी त्या नुसत्या लक्षात ठेवल्या. ‘पोमाना’ या शब्दाविरुद्धचा त्यांचा खटला असाच वर्षानुवर्षे चालू होता. मेलेल्याच्या नावाने जिवंताच्या हाती दिलेले अन्न म्हणजे पोमाना. घेणाऱ्याने ‘बोग्दाप्रोस्ते’, म्हणजे देव त्याला क्षमा करो, असे म्हणायचे आणि खायचे, की ते पलीकडे पोचले. इथपर्यंत साबिनसरांची श्रद्धा नसली तरी तक्रारही नव्हती. पण पुढे त्या शब्दाला वाईट संगत लागली. निवडणुकीच्या तोंडावर वाटलेली तेल-साखरही पोमाना झाली, सरकारी अनुदानही पोमाना झाले, आणि कोणा बड्या असामीच्या ढ पुतण्याला लॅटिनमध्ये पास करावे लागले तेव्हा मुख्याध्यापक हसून ‘असू द्या हो, पोमाना समजा,’ असे म्हणाले. त्या दिवसापासून साबिनसरांनी तो शब्दही टाकला आणि मुख्याध्यापकही.

असा तात्त्विक संताप अंगी बाळगणारा माणूस तळघरात ओगराळे घेऊन उभा राहिला कसा, याचे उत्तर तत्त्वज्ञानात नव्हते. ते जिन्याच्या पलीकडच्या दारात होते. तिथे पांदेले राहत असे. जन्मभर डॅन्यूबवरच्या बोटींचे सुकाणू धरलेला, उंच, आडमुठा, आणि अंगणातल्या बाकावर सोंगट्या खेळताना साबिनसरांचे प्रत्येक विधान खोडून काढणारा त्या वस्तीतला एकमेव इसम. बाकीचे सगळे त्यांचे विद्यार्थी होते आणि म्हणून त्यांच्याशी सहमत होते. पांदेलेची बायको आन्गेलिना वारल्यापासून त्याच्या दाराखालून मासळी तळल्याचा वास येईनासा झाला होता. मग कोणताच वास येईनासा झाला. हिवाळा लागला तेव्हा त्याचा कोट त्याच्या अंगावर नव्हे, तर तोच कोटाच्या आत कुठेतरी आहे, असे दिसू लागले. साबिनसरांच्या पत्नीने, व्हिओरिकाने, एकदा भरलेल्या कोबीचा डबा त्याच्या दाराशी ठेवला. तासाभराने पांदेले तो जसाच्या तसा घेऊन हजर झाला.

“वहिनी, तुमचा डबा चुकून माझ्या दाराशी राहिला.”

 पुढच्या रविवारी, लग्ने आणि अंत्यविधी वगळता ज्या चर्चची पायरी ते चढत नसत तिथे जाऊन त्यांनी फादर युस्तिन यांना, तळघर रिकामे ठेवणे ही सामाजिक बेजबाबदारी आहे, असे सुनावले. जेवण साऱ्या वस्तीसाठी होते. ते एकट्या पांदेलेसाठी होते, हे फक्त व्हिओरिकाला माहीत होते, आणि तिने ते माहीत नसल्याचे सोंग उत्तम वठवले.

पाटी अर्थातच सरांनी लिहिली: ‘सामाजिक भोजनकक्ष. सर्वांस मुक्त प्रवेश.’ स्वयंपाकाचे साफ्ताबाईंकडे होते. त्या पूर्वी ट्रामवर कंडक्टर होत्या आणि पातेल्याभोवतीच्या माणसांशीही भरलेल्या ट्राममधल्यासारख्याच बोलत. त्यांनी पाटी वाचली.

“सर, हे वाचून मला वाटलं इथे अपेंडिक्स काढतात.”

पहिल्या दिवशी चोर्ब्याचे, म्हणजे आंबट सुपाचे, अख्खे पातेले शिजले आणि एकही माणूस फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या जाळीतून काही डोळे आत पाहून गेले. लगेच सल्ल्यांना ऊत आला. खिडकीला पडदा लावा, म्हणजे लोकांना लाज वाटणार नाही, असे एकीने सुचवले. पडदा काढा, म्हणजे आत काय चालते याचा संशय येणार नाही, असे दुसरीने सुचवले. आणि फादर युस्तिन यांनी धीर धरण्यास सुचवले, कारण ते प्रत्येक बाबतीत तेच सुचवत. तिसऱ्या दिवशी अग्लायाबाई जिना उतरून खाली आल्या. तळमजल्यावर खिडकीशी बसून साऱ्या वस्तीची ये-जा मंजूर करणाऱ्या या बाई होत्या. त्यांनी वाफ हुंगली, वाडगा हातात घेतला आणि विचारले,

“कुणाचं?”

“काय कुणाचं?”

“जेवण हो. कुणाच्या नावाचं?”

“कुणाच्याच नाही. सामाजिक आहे.”

“अरेरे. कधी वारले?”

“कोण?”

“हेच. सामाजिक.”

“बाई, कोणीही वारलेलं नाही!”

अग्लायाबाईंनी वाडगा हळूच खाली ठेवला. “मग फुकट का देताय?”

“तुम्हाला भूक लागली असेल म्हणून,” साबिनसर म्हणाले, आणि हे त्यांनी अत्यंत सभ्यपणे म्हटले होते.

“मला? भूक?” बाईंनी शाल सावरली. “माझा मुलगा स्पेनमध्ये असतो, सर. तुम्हीच शिकवलाय त्याला. मी काय रस्त्यावर बसलेय? मेलेल्या माणसाचं असेल तर दे बाबा, खाते, कुणाचं तरी भलं होईल. पण जिवंत माणसाचं फुकट खायचं? शोभतं का तुम्हाला हे विचारणं?”

आणि त्या गेल्या. साबिनसर वाडग्याकडे पाहत राहिले. आयुष्यभर पुराणकाळच्या लोकांचे विधी शिकवलेल्या माणसाला आपल्याच तळमजल्यावरचा विधी समजायला एवढा वेळ लागावा, ही गोष्ट त्यांना झोंबली. कारण बाईंचा युक्तिवाद निर्दोष होता. पोमाना खाणारा उपकार घेत नाही, तो करतो. मेलेल्यापर्यंत जेवण पोचवायचे तर ते कोणा जिवंताच्या पोटातूनच जाते, म्हणजे खाणारा हा एक प्रकारचा पोस्टमन ठरतो, आणि ऋणी राहतो तो देणारा. मयताचे नाव काढून घ्या, की तोच पोस्टमन भिकारी होतो. साबिनसरांनी नेमके तेच काढून घेतले होते, ठरावाने.

पांदेले आला तो चौथ्या दिवशी, आणि जेवायला आला नाही हे त्याने दारातूनच जाहीर केले.

“ओल बघायला आलोय. नदीचं पाणी मुरतंय तुमच्या भिंतीत. कधीचा सांगतोय पाद्र्याला.”

त्याने एका भिंतीवर टिचकी मारली, मग दुसऱ्या, आणि ज्या भिंतीशी पातेले होते तिची तपासणी जरा लांबली. साबिनसरांनी वाडगा भरला आणि टेबलावर ठेवला. पांदेलेने टोपी काढली नाही. त्याचा हात मात्र टेबलाच्या कडेवर टेकला, आणि टेकला तो आधारासाठी, हे साबिनसरांना दिसले.

“कुणाचं आहे, मास्तर?”

‘कुणाचंच नाही’ म्हटले असते, तर पांदेले भिंत तशीच टाकून वर गेला असता. साबिनसरांनी आपले मयत आठवून पाहिले. आईवडिलांचे नाव घेणे शक्य नव्हते. ‘मेलेली माणसं जेवत नसतात’ हे त्यांनी पांदेलेला सोंगट्या खेळताना इतक्या वर्षांत इतक्यांदा सुनावले होते, की आज अचानक ती जेवू लागली म्हटल्यास तो त्यांची नाडी बघायला लागला असता. पांदेलेच्या ओळखीचा नसलेला, तरीही घरचा, असा एक मृत माणूस तातडीने हवा होता. त्या सकाळीच व्हिओरिकाच्या भावाने टुरिनहून एक भेट पाठवली होती: अंधारात हिरवी चमकणारी माता मेरी. रात्रभर ती आपल्या उशाशी चमकणार या विचाराने साबिनसर मनातल्या मनात त्या भावाला जे जे म्हणत होते, ते सारे एकवटून जिभेवर आले.

“वेनियामिनचं,” ते म्हणाले. “व्हिओरिकाचा धाकटा भाऊ. इटलीत होता.”

पांदेलेने टोपी काढली.

“कसा गेला?”

“परांचीवरून पडला. बांधकामावर होता.”

“वहिनींना सांगितलंत?”

हा प्रश्न साबिनसरांच्या रचनेत नव्हता. “नाही,” ते म्हणाले. “ती कंबरदुखीने पडून आहे. तिला सोसायचं नाही. कोणी बोलू नका तिच्याजवळ.”

“छे! माझ्या तोंडून नाही जायचं,” असे म्हणून पांदेले बसला. तो सावकाश जेवला, एखाद्या जबाबदारीच्या कामावर असल्यासारखा, पाव मोडून, खाली मान घालून. दुसरा वाडगाही जेवला. मग मिशा पुसून म्हणाला, “बोग्दाप्रोस्ते. देव क्षमा करो बिचाऱ्याला. उद्या आहे?”

“रोज आहे,” साबिनसर म्हणाले. “फार खादाड होता तो.”

दुसऱ्या दिवशी जिन्यापर्यंत रांग होती. सर्वांत पुढे अग्लायाबाई. “आधी सांगायचं ना, सर! उगाच सामाजिक-सामाजिक काय लावलं होतंत?” मग त्यांनी सरांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले आणि त्यांचा सूर बदलला. “दाढी केलीत? मेव्हणा मातीत जातो न जातो तोच दाढी?”

अशा रीतीने साबिनसरांची दाढी वाढू लागली. बाहीवर काळी पट्टी आली. ती साफ्ताबाईंनी एप्रनच्या बंदातून कापली. घरात शिरताना ते पट्टी खिशात घालत, दाढी घालता येत नसे. व्हिओरिकाने विचारले, तेव्हा त्यांनी त्वचेला विश्रांती देत असल्याचे सांगितले. पतीने त्वचेचा विचार केल्याचे हे तिच्या संसारातले पहिलेच उदाहरण होते. आणि मग बायका येऊ लागल्या. एकीने सूप आणले, एकीने गरम पाण्याची पिशवी. सगळ्या तिचा हात हातात घेऊन बसत, खिडकीबाहेर बघत, आणि निघताना ‘मन घट्ट ठेव हं’ असे म्हणत. कंबरदुखीला मन घट्ट ठेवावे लागते असे तिने कधी ऐकले नव्हते. आठवडाअखेर पांदेले स्वतः आला, टोपी हातात धरून दारातच उभा राहिला, तिच्याकडे पाहून त्याचे डोळे भरले आणि एक अक्षर न बोलता तो निघून गेला. त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला जवळ बसवले.

“अहो, खरं सांगा. डॉक्टर काय म्हणाले?”

“कंबर लचकलीय, म्हणाले.”

“मी घाबरणार नाही. किती दिवस आहेत माझ्याजवळ?”

साबिनसरांनी तिला तीनतीनदा शपथेवर सांगितले की ती मरणार नाही. पण वाढलेल्या दाढीने शपथ घेणाऱ्या माणसावर विश्वास बसणे कठीण असते. तिने दुसऱ्या दिवशी चांगले टेबलक्लॉथ कोणत्या भाचीला द्यायचे ते ठरवून टाकले.

एवढ्यात आरोग्य खात्याच्या एक बाई तळघरात उतरल्या. त्यांनी वाकून, उभे राहून आणि टाचा उंचावून पाहणी केली, आणि विचारले, “अंडी धुवायचं सिंक कुठंय?”

“आम्ही अंडी वापरतच नाही,” साफ्ताबाई म्हणाल्या.

“न वापरलेल्या अंड्यांनासुद्धा वेगळं सिंक लागतं. भाज्यांचं वेगळं, हातांचं वेगळं. हा सार्वजनिक भोजनकक्ष आहे, बाहेर पाटी आहे तुमची.”

ती पाटी सरांची होती, हे सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही. सगळ्यांनी फक्त सरांकडे पाहिले. फादर युस्तिन घसा खाकरून म्हणाले, “बाई, पाटीचं सोडा. ही पोमाना आहे.”

“धार्मिक विधी?”

“तर!”

“मग आमच्या खात्याचा संबंध येत नाही.”

साबिनसरांनी तोंड उघडले. हा धार्मिक विधी नव्हे, हे सांगणे त्यांना प्राणाहून आवश्यक वाटत होते. साफ्ताबाईंनी, ट्रामच्या पायरीवर लोंबकळणाऱ्याला जसे आवरत तसे, आपल्या बुटाची टाच सरांच्या पायावर ठेवली आणि वजन दिले. तोंड मिटले.

“मयताचं नाव?” बाईंनी विचारले.

“वेनियामिन!” एका टेबलावरून पांदेले ठणकावून म्हणाला, आणि मागोमाग सगळे तळघर बोलू लागले. परांचीवरून पडला. चौथ्या मजल्यावरून. नाही हो, सहाव्या. एका सहकाऱ्याला वाचवताना. ही शेवटची माहिती साबिनसरांना नवी होती. आरोग्य खात्याच्या बाईंनी छातीवर क्रूस काढला, वाडगा घेतला, ‘बोग्दाप्रोस्ते’ म्हणाल्या आणि मीठ किंचित जास्त असल्याचे, केवळ तोंडी, नमूद करून गेल्या.

आता साबिनसरांना थांबता येत नव्हते, कारण पांदेलेचे गाल भरू लागले होते. रोज दुपारी ते निश्चय करीत की आज सांगून टाकू, आणि रोज दुपारी पांदेले दुसरा वाडगा पुढे करी. वेनियामिन मात्र दिवसेंदिवस अधिक थोर होत चालला होता. टुरिनमध्ये दुसऱ्याच्या गाडीला धक्का देऊन तिसऱ्याशी भांडणारा हा इसम आता पुलावरून उडी मारणाऱ्यांना मागे ओढत होता आणि अनाथांना स्वेटर पाठवत होता. आपला खोटेपणा सहन करणे सरांना जड जात नव्हते. मेव्हण्याची स्तुती सहन करणे जड जात होते.

मग मेलेल्यांच्या स्मरणाचा हिवाळी शनिवार आला. व्हिओरिका कंबरेला पट्टा बांधून चर्चला गेली. आपले नाव तिथे घेतले जाण्याआधी एकदा बाकीच्यांची ऐकून घ्यावीत, असा तिचा विचार होता. बायकांनी उकडलेल्या गव्हाच्या गोड कोलिव्याची ताटे मांडली होती, त्यांत मेणबत्त्या जळत होत्या, आणि फादर युस्तिन नावे वाचत होते. ‘वेनियामिन’ हे नाव आले तेव्हा सगळे चर्च वळून तिच्याकडे पाहू लागले. अग्लायाबाईंना राहवले नाही. त्या तिच्या खांद्यावर कोसळल्या. “रड गं बाई, रड! किती दिवस लपवायचं आम्ही!”

घरी आल्यावर व्हिओरिकाने कोट काढला नाही.

“माझा भाऊ कधी गेला?”

“गेलेला नाही,” साबिनसर म्हणाले, आणि सगळे सांगितले. तिने ते उभ्यानेच ऐकले.

“दुसरं कुणी सापडलं नाही तुम्हाला?”

“ऐनवेळी तोच आठवला.”

“म्हणजे तुमच्या मनात तो आधीपासूनच मेलेला होता.” साबिनसर दाढी खाजवू लागले. तिने खुर्ची ओढली. “पांदेले जेवतो?”

“रोज. दोनदा वाढून घेतो.”

व्हिओरिका खुर्चीवर बसली, आणि तिचा राग कोणत्या बाजूला वळावा हे तिलाच कळेना. “पण जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत वाचलं गेलंय, अहो. हे बरं नाही.” आणि तिने फोन लावला.

“ताई!” पलीकडून आवाज आला. “बरं झालं फोन केलास. परवा गाडीचं चाक निखळलं, काल दाढ उपटली, आज सकाळपासून डावा कान वाजतोय. तिकडे कोणी माझ्या वाईटावर आहे का?”

व्हिओरिकाला खोटे बोलता येत नसे. घरातला तो विभाग नवऱ्याकडे होता. तिने सांगितले.  मग वेनियामिन म्हणाला, “येतो.”

ठरले होते ते असे, की त्याने गुपचूप फादरना भेटावे, फादरनी गुपचूप त्याचे नाव जिवंतांच्या यादीत घ्यावे आणि गुपचूपच त्याने परत जावे. पण गुपचूप ही रीत त्या माणसाच्या बांध्याला बसणारी नव्हती. तळघर जेवणाऱ्यांनी भरलेले असताना जिन्यावर आधी केशरी जाकीट दिसले, मग सोन्याची साखळी, आणि मग गर्जना ऐकू आली:

“दाजी! मी परांचीवरून पडलो?”

चमचे थांबले. अग्लायाबाईंनी एकामागून एक तीन क्रूस काढले. “स्वतःच जेवायला आला,” त्या कुजबुजल्या.

“चौथ्या मजल्यावरून की सहाव्या?” वेनियामिनने हात पसरून स्वतःला चहूबाजूंनी दाखवले. “बघा! हात लावा! मी सहा वर्षांत परांचीवर चढलेलो नाही, मी टाइल्स विकतो!”

“वेनी, हळू,” मागून व्हिओरिका म्हणाली. पण आता सगळ्यांना कळले होते. जो तो आपल्या वाडग्याकडे पाहू लागला, जणू त्यात चोर्ब्याऐवजी भलतेच काही निघाले आहे. फादर युस्तिन धावून मध्ये पडले. जिवंतपणीही माणूस आपल्या आत्म्यासाठी पोमाना करू शकतो, तशी जुनी चाल आहे, हवे तर आजपासून वेनियामिन स्वतः... “मी? नाही नाही!” वेनियामिन मागे सरला. “पुन्हा दाढ उपटायची माझी तयारी नाही.”

पांदेले उठला. त्याने चमचा वाडग्याच्या शेजारी सरळ ठेवला आणि कोटाची बटणे खालून वर लावायला सुरुवात केली.

“म्हणजे मी हे कुणालाच पोचवत नव्हतो,” तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. “मास्तर, तुम्ही मला जेवू घालत होतात.”

 पांदेले जिन्याकडे वळला. त्याच्यामागे आणखी दोनचार खुर्च्या सरकल्या. तो आता वर गेला की पुन्हा खाली येणार नाही, त्या दाराखालून पुन्हा काही शिजल्याचा वास येणार नाही, आणि वसंतापर्यंत त्या कोटात कोणी उरणार नाही, हे साबिनसरांना लख्ख दिसले. आणि आयुष्यभर गोठवून ठेवलेला सगळा राग त्या क्षणी, काही पूर्वसूचना न देता, वितळला.

“बसा!” ते ओरडले. असा आवाज त्या वस्तीतल्या कोणीही, शाळेतसुद्धा, ऐकला नव्हता. “लाज वाटत नाही? अख्ख्या वस्तीला पुरणारं पातेलं, आणि मयत कोण? तर माझा एक मेव्हणा! एकटा! तुमच्या घरांत कोणी मेलेलंच नाही का? इतकी वर्षं काय अमर होतात सगळे? स्मशान तुडुंब भरलंय ते कुणाच्या माणसांनी, माझ्या? फुकटे कुठले! जेवण खाता ते खाता, मयतसुद्धा दुसऱ्याचा!”

हा अपमान होता. साबिनसरांच्या मते तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत संपूर्ण, सर्वांत सुबद्ध अपमान होता, आणि त्यानंतरच्या शांततेत ते त्याच्या परिणामाची वाट पाहू लागले.

“आहेत की,” अग्लायाबाई दुखावून म्हणाल्या. “माझा कोस्ताके आहे. आई आहे. धाकटी बहीण आहे.”

“मग द्या ना त्यांच्या नावाने!”

“काय देऊ? जेवण तुमचं.”

“माझं नाही! वाडगा कुणाच्या हातात आहे? तुमच्या! मी दिला, तुम्ही घेतला, झाला तो तुमचा! रोमन कायद्यानुसारसुद्धा, बाई—”

रोमन कायदा कोणी ऐकला नाही. अग्लायाबाईंनी हातातल्या वाडग्याकडे पाहिले, तो अजून वाफाळत होता. त्या डावीकडे वळल्या आणि शेजारच्या म्हातारीपुढे त्यांनी तो धरला.

“माझ्या कोस्ताकेच्या आत्म्यासाठी.”

“बोग्दाप्रोस्ते,” म्हातारी सवयीने म्हणाली. मग तिने आपल्यासमोरचा वाडगा उचलून अग्लायाबाईंच्या हाती दिला. “आमच्या दुमित्राकेसाठी.”

“बोग्दाप्रोस्ते.”

आणि मग एकच गडबड उडाली. वाडगे टेबलावरून, टेबलाखालून, डोक्यांवरून इकडेतिकडे जाऊ लागले. आईसाठी, आत्यासाठी, बुडालेल्या भावासाठी, ज्याच्याशी शेवटपर्यंत अबोला होता त्या दिरासाठी. “सांडू नका! पुढे सरका, मागे जागा आहे!” साफ्ताबाई ओरडत होत्या. जो तो देत होता, त्यामुळे घेण्याची लाज कोणाच्या वाट्याला आली नाही. केशरी जाकीटवाल्या माणसाच्या हातांत एकदम तीन वाडगे आले. त्याने ज्याच्यात्याच्याकडे पाहिले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. “अरे, ही सगळी माणसं माझ्यासाठी रडत होती?” तो विचारत होता, पण सगळे कामात होते.

साबिनसर हे पाहत होते आणि आपला अपमान नक्की कोणत्या वाक्यापाशी वाया गेला ते शोधत होते. तेवढ्यात समोर कोट दिसला. तो वरपर्यंत बंद होता. पांदेले जिन्याच्या पायरीवरून परत आला होता. त्याने टेबलावरचा आपला वाडगा उचलला, चौफेर पाहिले. प्रत्येकाच्या हातात वाडगा होता. रिकाम्या हाताचे एकटे साबिनसर होते. ते तळघरात कधीच जेवत नसत, घरी जाऊन जेवत, कारण देणाऱ्याने देण्याच्या जागी जेवू नये असे त्यांचे मत होते.

पांदेलेने वाडगा त्यांच्यापुढे धरला.

“आन्गेलिनासाठी,” तो म्हणाला.

साबिनसरांनी वाडग्याकडे पाहिले. मेलेली माणसे जेवत नाहीत. वाडग्यातून पांदेलेचे जेवण त्यांच्या पोटात जाईल आणि पांदेले उपाशी राहील, एवढेच त्यात सत्य होते. पण समोरचा हात ताठ होता, टेबलाचा आधार नव्हता त्याला, आणि त्या हाताचा मालक अशा नजरेने पाहत होता, की हा वाडगा परत गेला असता तर सोंगट्यांचा पट, अंगणातला बाक आणि उद्याची दुपार, सगळेच परत गेले असते.

“बोग्दाप्रोस्ते,” साबिनसर म्हणाले. शब्द अडखळत आला; तोंडाला सवय नव्हती.

ते बसले आणि जेवू लागले. पांदेले समोर उभा राहून एकेक घास पाहत होता.

“तळापर्यंत. तिला उरवलेलं चालायचं नाही.”

साबिनसरांनी तळापर्यंत खाल्ले, पावाच्या तुकड्याने वाडगा पुसून घेतला, आणि तो पालथा करून दाखवला. पांदेलेने मान हलवली. मग त्याने खुर्ची ओढली, तीवर बसला, आणि कोटाची बटणे एक एक करून सोडू लागला.

“आता तुमचं कुणी असेल तर लवकर आठवा, मास्तर,” तो म्हणाला. “मला भूक लागलीय.”